पायाखालचा गारवा

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या डोंगरात कचारगड नावाची प्रचंड मोठी नैसर्गिक गुहा आहे. गोंड बांधवांचं हे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते आणि दूरदूरच्या राज्यांतून माणसं येतात. भर उन्हातून डोंगर चढून गुहेत पाऊल टाकलं, की अंगाला कसं गार वाटतं! तिथे ना पंखा, ना कूलर. मग हा गारवा येतो कुठून?

एक तर गुहेत ऊन पोचत नाही. शिवाय दगड आणि माती फार सावकाश तापतात. दिवसाचं ऊन जमिनीत हात-दीड हातापर्यंतच जाणवतं. त्याहून खाली उन्हाळ्याची उष्णता पोचायला कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच तीन-चार मीटर खोल तापमान वर्षभर जवळजवळ सारखंच राहतं. उन्हाळ्यात ती माती हवेपेक्षा गार, तर थंडीत उबदार!

हीच युक्ती माणसानं घरासाठी वापरली. जमिनीत लांब नळ पुरायचे आणि बाहेरची हवा पंख्यानं त्यांतून आत आणायची. जाता जाता हवा आपली उष्णता मातीला देते. दिल्लीजवळ गुआल पहाडी इथे 'टेरी' या संस्थेची 'रिट्रीट' नावाची इमारत २००० साली उभी राहिली. तिथे प्रत्येकी ७० मीटर लांबीचे चार हवाबोगदे ४ मीटर खोल पुरले आहेत.

असे नळ घराच्या काँक्रीटच्या जमिनीखालून न्यायचे असतील, तर काम फार जपून करावं लागतं. का, सांगा बरं? एकदा काँक्रीट पडलं, की चूक दुरुस्त करायला अख्खी जमीन फोडावी लागते!

म्हणून आधी चर खणतात. चराचा तळ ठोकून घट्ट करतात, नाहीतर नळ खचतो. नळाला एका बाजूला थोडा उतार देतात. गार पाण्याच्या लोट्याला बाहेरून थेंब येतात ना? तसेच पावसाळ्यातल्या दमट हवेचे थेंब नळात जमतात. ते साचले तर बुरशी धरते, कुबट वास येतो आणि तीच हवा घरातल्या माणसांच्या छातीत जाते. उतारामुळे पाणी टोकाच्या खड्ड्यात उतरतं आणि तिथून काढता येतं. सांधे पक्के बंद करतात. बाहेरच्या तोंडाला जाळी बसवतात, म्हणजे उंदीर, साप, डास आत शिरत नाहीत.

मग येते परीक्षा. वरच्या टोकानं बादलीभर पाणी ओतायचं. ते सगळं खालच्या टोकाला आलं, तर उतार बरोबर. कमी आलं, तर कुठेतरी गळतंय किंवा साचतंय. मग नळाची तोंडं झाकायची, म्हणजे आत काँक्रीट जात नाही. माती भरून, दाबून झाली, की शेवटी काँक्रीट!

आता तुमचा प्रयोग. उन्हाळ्यात सकाळी सारख्याच दोन बाटल्या पाण्यानं भरा. एक हातभर खोल खड्ड्यात पुरा, दुसरी उन्हात ठेवा. दुपारी दोन्हींतल्या पाण्यात बोट बुडवून बघा. हाच प्रयोग थंडीत पहाटे केला, तर कोणतं पाणी कोमट लागेल? आधी वहीत उत्तर लिहा आणि मगच खड्डा उकरा हं!