गेटवरची वही क्लाउडवर जाते तेव्हा
(लेखांक सहावा)

'क्लाउड' म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, अहोरात्र चालणारे आणि भाड्याने वापरता येणारे संगणक, हे मागील लेखांकात पाहिले. मुंबईच्या उपनगरांत अशा संगणकांवर सर्वांत सहज जाऊन पोहोचलेली नोंद म्हणजे हाउसिंग सोसायटीच्या गेटवरची वही होय.

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील अनेक सोसायट्यांत आज वॉचमन येणाऱ्याचे नाव, मोबाइल नंबर आणि फ्लॅट नंबर ॲपमध्ये भरतो, रहिवाशाच्या फोनवर सूचना येते आणि त्याने होकार दिला की पाहुण्याला आत सोडले जाते. मेंटेनन्सचे बिल, तक्रारी आणि सभेची नोटीसही बहुधा त्याच ॲपवर असते. सोसायटीचा सेक्रेटरी हा नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने घरी परतल्यावर हिशेब पाहणारा सभासद असतो, त्यामुळे ही सोय त्याला चैन वाटत नाही. शिवाय कागद सुरक्षित असतो, हा विश्वास 26 जुलै 2005 रोजी डळमळला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांतील असंख्य तळमजल्यांवर कागदपत्रे भिजून गेली.

असे असले तरी माणसे माहितीवरचा ताबा इतक्या सहज का सोडतात? अर्थशास्त्रज्ञ अलेस्सांद्रो अक्विस्टी यांनी 2004 मध्ये याची सांगड तात्काळ लाभाच्या ओढीशी घातली: सोय आज, हातोहात मिळते, नुकसान मात्र पुढे कधीतरी होईल किंवा होणारही नाही, म्हणून मन त्याचे मोल कमी धरते. हे स्पष्टीकरण योग्यच आहे, परंतु सोसायटीच्या बाबतीत ते अपुरे पडते, कारण येथे ताबा सोडणारा एक आणि माहिती जाते ती दुसऱ्याची, असे घडते. ठराव सभासद करतात; नोंद मात्र घरकाम करणाऱ्या बाईची, कुरिअरवाल्याची आणि भाडेकरूची होते. जुन्या वहीतही गुप्तता नव्हती, कारण आधीच्या पाहुण्याचा नंबर पुढच्याला सहज वाचता येई. पण एखादी बाई वर्षभर रोज किती वाजता आली आणि गेली, हे त्या वहीतून काढायला कोणाला तरी पान न् पान चाळावे लागे. ॲपमध्ये तीच माहिती क्षणात एकत्र होते, आणि काही ॲपवर तर तिच्या कामाला ताऱ्यांत गुणही दिले जातात.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी लागते, आणि ती मागे घेणेही देण्याइतकेच सोपे असावे लागते. नंबर दिला नाही तर गेटच उघडणार नाही, अशा स्थितीत दिलेल्या होकाराला मुक्त म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्रात सहकारी सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नोंदी किती दिवस ठेवायच्या, ॲप पुरवणाऱ्या कंपनीशी असलेला करार संपल्यावर त्या कोण पुसणार आणि पुसल्याचा पुरावा काय, हे प्रश्न त्या सभेच्या विषयपत्रिकेवर आवर्जून यायला हवेत. भाडेकरूला तेथे मत नसते आणि घरकाम करणाऱ्या बाईला तर प्रवेशही नसतो. म्हणून त्यांच्या नोंदींविषयी त्यांना आधी विचारून, त्यांचे म्हणणे सभेपुढे ठेवण्याचे काम समितीलाच करावे लागेल.