तुरीची मुळे

शेत पाहावयास गेलेल्या माणसाची दृष्टी पानाफुलांवर खिळते; परंतु शेताचा बराचसा कारभार त्याच्या पायांखाली, अंधारात चाललेला असतो. मूळ किती खोल जाते, किती बारीक फुटते आणि भोवतालच्या मातीत काय सोडते, यांवर जमिनीचा कस पुष्कळ अंशी अवलंबून असतो.

दख्खनमध्ये ज्वारीत तुरीच्या ओळी पेरण्याची चाल जुनी आहे. ज्वारीची तंतुमय मुळे वरच्या थरात दाट पसरतात. तुरीचे सोटमूळ खोल उतरते, आणि ज्वारी काढल्यावरही खालच्या ओलीवर तूर तग धरते. तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधतात, हे तर सर्वश्रुतच आहे.

तुरीचा आणखी एक गुण हैदराबादजवळील पाटनचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केला. तांबड्या जमिनीतील स्फुरद बव्हंशी लोहाशी जखडलेला असतो. ज्वारीला तो सहजी लाभत नाही. तुरीच्या मुळांतून मात्र पिसिडिक आम्ल पाझरते. ते लोहाला धरून ठेवते आणि स्फुरद मोकळा होतो. त्यातला काही अंश गळलेल्या पानांतून व कुजणाऱ्या मुळांतून पुढील पिकाच्या वाट्यास येतो. काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेला असल्यामुळे तेथे हा गुण तितकासा कामी येत नाही.

स्फुरदखतासाठी लागणारे खनिज भारताला मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावे लागते. तेव्हा पीक निवडताना केवळ धान्याचे माप पाहून भागणार नाही. त्याची मुळे जमिनीला काय देतात, हेही पाहिले पाहिजे.