सात चुका इथे, सात चुका तिथे

भाचीने लॅपटॉपवर दोन मॉकचे निकाल शेजारी शेजारी उघडले. जीमॅटचे. दोन्हींत क्वांटचे, म्हणजे गणिताच्या विभागाचे, २१ प्रश्न, दोन्हींत सात चुकलेले. पण एकीकडे स्कोअर ७५, दुसरीकडे ८०. हा स्कोअर ६० ते ९० यांच्यात फिरतो, त्यामुळे पाच गुण काही किरकोळ नव्हेत.

"मावशी, चौदा बरोबर म्हणजे चौदा बरोबर ना?"

माझं सगळं शिक्षण बोर्डाच्या पेपरांवर झालेलं. जेवढं बरोबर तेवढे मार्क, वर स्टेप्सचे वेगळे. मला काही सांगता येईना, म्हणून शोधायला बसले आणि दोन दिवस त्यातच गेले.

एमबीएसाठी परदेशी जायचं म्हटलं की जीमॅटचं नाव निघतंच. अमेरिकेतल्या नऊ बिझनेस स्कूलांनी १९५३ मध्ये तिचा घाट घातला आणि १९५४ मध्ये पहिली परीक्षा झाली. पुढे चाळीसहून जास्त वर्षं ती कागदावरच होत राहिली. १९९७ मध्ये संगणकावर आली आणि सगळ्यांना एकच पेपर ही गोष्टच संपली. आपल्या कॅटमध्ये एका स्लॉटमधली मुलं निदान एकच पेपर सोडवतात. इथे तुमचा पेपर तुम्ही खुर्चीत बसल्यावर तयार होत जातो.

वाण्याच्या तराजूत न मोजलेला पुडा ठेवा. तो दुसऱ्या बाजूला एक किलोचं माप टाकतो. पुडा वर राहिला, म्हणजे हलका. किलो काढून अर्धा टाकतो. आता पुडा खाली बसला. अर्ध्यावर पाव चढवतो, मग शंभर ग्रॅमचं खालीवर करतो. पाच-सहा मापांत काटा स्थिर. परीक्षेचं यंत्र असंच तोलतं. मधला प्रश्न टाकतं. बरोबर आला तर पुढचा जरा जड, चुकला तर जरा हलका. याची मूळ कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने १९०५ पासून मुलांची बुद्धी तपासत होता, तेव्हा तोही मुलाच्या अंदाजी वयाला शोभेल अशा प्रश्नापासून सुरू करायचा आणि जमेल तसा वरखाली सरकायचा.

यातून निघणारी गोष्ट मला आधी पटेना. हुशार मुलगी पटापट वर चढते, पण वर तिच्या तोलामोलाचे प्रश्न वाट बघत असतात, तिथे तीही चुकते. बेताची तयारी असलेला मुलगा खाली त्याच्या तोलाच्या प्रश्नांवर तितकाच चुकतो. चुकांची संख्या दोघांची जवळजवळ सारखी, स्कोअरमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक. गेऑर्ग राश या डॅनिश गणितज्ञाने १९६० मध्ये याचं समीकरण पुस्तकात मांडलं. माणसाची कुवत आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मोजायची; दोन्ही खुणा जुळल्या की उत्तर बरोबर येण्याची शक्यता बरोबर निम्मी. भाची आणि त्रैराशिकाचं गणित एकाच फूटपट्टीवर! मी त्या पानावर बराच वेळ थांबले.

मग तिच्या दोन मॉकचं कोडं सुटलं. ८० वाल्या मॉकमधल्या सात चुकांपैकी बहुतेक अवघड प्रश्नांवरच्या होत्या. ७५ वाल्यात तीन चुका अगदी सोप्यांवर होत्या. अवघड प्रश्न चुकला तर यंत्राला फारसं नवल वाटत नाही, सोपा चुकला की वाटतं.

म्हणजे स्कोअर वाढवायचा तर आधी सोपे प्रश्न निसटतात कुठे ते शोधायला हवं. आम्ही एक दोनशेपानी वही केली. चूक झाली की कारण एका ओळीत लिहायचं: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही की वेळ गेला. पहिल्याच आठवड्यात मधल्या कारणाने पानं भरली. एक नोंद अशी: '२० टक्क्यांवरून २५ टक्के. मी ५ टक्के वाढ लिहिली. वाढ २५ टक्के. ५ हा नुसता फरक.' दुकानात सूट मागताना हीच मुलगी असली चूक कधी करणार नाही.

डेटा सफिशियन्सी या प्रश्नप्रकाराची गंमत वेगळीच. शाळेत मुली किती? पहिलं विधान: मुलंमुली मिळून ६४०. दुसरं: मुली मुलग्यांच्या दीडपट. विचारलेलं इतकंच, की उत्तर काढायला ही माहिती पुरते का? एकेकटं विधान पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतात, झालं. भाचीने मात्र ३८४ काढून खाली दुहेरी रेघ मारली. तिच्या जागी मी असते तर 'मुली' असं एककही लिहिलं असतं. उत्तर निघेल असं दिसल्यावरही ते न काढता पुढे जायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

हात आखडणं क्वांटमध्येही महत्त्वाचं, कारण ४५ मिनिटांत २१ प्रश्न म्हणजे प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं आठ सेकंद, आणि क्वांटला कॅल्क्युलेटर नाही. सुरुवातीच्या प्रश्नांना जास्त वजन असतं, तिथे हवा तेवढा वेळ घाला, असा एक समज मुलांमध्ये फिरतो. मला तो घातक वाटतो. शेवटचे प्रश्न कोरे राहिले तर त्याची शिक्षा चुकीच्या उत्तरापेक्षा जड असते. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या रूपात विभाग संपताना मागे जाऊन तीन उत्तरं बदलता येतात, त्यामुळे अडलेल्या प्रश्नावर खूण करून, काहीतरी टिचकवून पुढे जायची सोय झाली आहे. भाचीला हे जमायला महिना लागला. प्रश्न सोडताना तिला हरल्यासारखं वाटायचं.

परीक्षा देऊन आली ती एका प्रश्नावर चिडूनच. तीन मिनिटं खाल्ली म्हणे, आणि तरी अंदाजच मारावा लागला. मी तिला सांगितलं, असल्या परीक्षांत काही प्रश्नांचे गुण धरतच नाहीत. ते नवे असतात. त्यांचं वजन अजून ठरलेलं नसतं. कुणाला जमतात, कुणाला नाही हे बघून ते ठरतं आणि मगच ते खऱ्या मापांच्या पेटीत जातात. कोणता प्रश्न तसा, हे देणाऱ्याला कळत नाही.

"म्हणजे तेव्हा मीच माप होते?"

"असशील."

"मग माझी तीन मिनिटं?"

ती पुढे कुणाच्या तरी तराजूत पडणार होती. पण भाची भुकेलेली होती, म्हणून मी आधी पोहे फोडणीला टाकले.