दैनंदिन इंग्रजीतील नातेवाचक शब्द व कौटुंबिक मेळावे : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात

तोंडी परीक्षेत ‘तुमच्या कुटुंबाविषयी सांगा’ हा प्रश्न सर्वांत सोपा समजला जातो. प्रत्यक्षात मराठी भाषक विद्यार्थी अनेकदा याच ठिकाणी अडखळतो. विषय अपरिचित असतो असे नव्हे. जे सांगावयाचे आहे त्याला इंग्रजीत नेमका शब्द नसतो. ‘कझिन ब्रदर’ म्हटले की गुण कापले जातात आणि नुसते ‘कझिन’ म्हटले की भाऊ की बहीण, हे मोघम राहते. प्रस्तुत लेखात या अडचणीचे मूळ व तीवरील उपाय यांचा विचार केला आहे.

मराठीत नात्याचा तपशील नामातच साठवलेला असतो. काका, मामा, आत्या, मावशी. तसेच चुलत, मामे, आते व मावस भावंडे. यामागे समाजव्यवहार आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९५३) नातेवाचक शब्द आणि विवाहाचे नियम यांचा एकत्रित अभ्यास केला. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह संमत असून चुलतबहिणीशी निषिद्ध आहे; दोघींना एकच शब्द लावला तर हा भेदच पुसला जाईल. अर्थात मराठी सर्वत्र सूक्ष्म आहे असेही नाही. आजी-आजोबा दोन्हीकडचे सारखेच, आणि ‘मेहुणा’ हा पत्नीचा भाऊही असतो व बहिणीचा पतीही.

इंग्रजी मुळात इतकी मोघम नव्हती. प्राचीन इंग्रजीत काका व मामा, आत्या व मावशी यांना स्वतंत्र शब्द होते. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आलेल्या शब्दांनी त्यांची जागा घेतली. गंमत अशी की, ‘अंकल’चे लॅटिन मूळ ‘मामा’ या अर्थाचे आहे, तर ‘आंट’चे मूळ ‘आत्या’ या अर्थाचे. ‘इन-लॉ’ या जोडणीतील ‘लॉ’ हा चर्चचा विवाहविषयक कायदा होय. आज ‘ब्रदर-इन-लॉ’ या एका शब्दात दीर, मेहुणा व भावोजी हे तिघेही सामावतात.

मग इंग्रजी भाषक हा तपशील सांगतच नाहीत काय? सांगतात, परंतु नामातून नव्हे, आणि गरज असेल तेव्हाच. ‘माय मॉम्स ब्रदर’, ‘अ कझिन ऑन माय डॅड्स साइड’ अशा रचना रोजच्या बोलण्यात सर्रास आढळतात. ‘कझिन’चे लिंग पुढच्या वाक्यातील ‘ही’ किंवा ‘शी’ उघड करते. अथवा ‘माय कझिन मीना’ असे थेट नावच घेतले जाते. अध्यापनात नेमका हाच भाग राहून जातो. शिक्षक ‘ब्रदर’ हा शब्द खोडतो, पण त्याने वाहिलेला अर्थ दुसऱ्या कोणत्या मार्गाने पोहोचवावा हे सांगत नाही. परिणामी विद्यार्थी स्वतःच्या घराविषयीच मौन पत्करतो. ‘कझिन ब्रदर’ किंवा साडूसाठी योजला जाणारा ‘को-ब्रदर’ हे भारतीय इंग्रजीत रुळलेले शब्द आहेत. त्यांना सरसकट चूक ठरवण्यापेक्षा ते देशाबाहेर कळतीलच असे नाही, एवढे स्पष्ट करणे अधिक न्याय्य ठरेल.

काही चुका मात्र थेट मराठीच्या वळणातून येतात. ‘लांबचा नातेवाईक’ हा ‘फार रिलेटिव्ह’ होतो. तेथे ‘डिस्टंट’ हवे. आदरार्थी बहुवचनामुळे ‘वडील शिक्षक आहेत’ याचे ‘माय फादर आर’ होते. ‘वारले’साठी ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द इतरत्र औषधे व परवाने यांना अधिक शोभतो. माणसासाठी ‘डाइड’ किंवा ‘पास्ड अवे’. जुन्या मराठीत ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी; ‘माझी फॅमिली पुण्याला गेली आहे’ या वाक्यातील फॅमिली बहुधा तेथूनच आली.

माहेर, सासर, आजोळ यांना तर एकशब्दी प्रतिशब्दच नाहीत. ‘शी इज ॲट हर पेरेंट्स’ असे म्हटले जाते. षष्ठीनंतरचे ‘हाऊस’ किंवा ‘प्लेस’ गाळले तरी चालते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला, अथवा ब्रिटनमध्ये नाताळात, ‘आर यू गोइंग होम?’ असे विचारले जाते तेव्हा ‘होम’ म्हणजे बहुधा आईवडिलांचे घर, आणि विवाहित मुलगा व मुलगी दोघांनाही तोच शब्द लागू पडतो. माहेरातील मायेचा अर्थ त्यात कितपत उतरतो, हा प्रश्न निराळा. मेळाव्यासाठी आपल्याकडे ‘फंक्शन’ हा शब्द सर्व प्रसंगी चालतो. अन्यत्र त्याला औपचारिक समारंभाची छटा असल्याने ‘वेडिंग’, ‘नेमिंग सेरेमनी’ असा प्रसंगाचाच उल्लेख करणे बरे. ‘गेट-टुगेदर’ मराठीत नाम म्हणून स्थिरावले आहे. इंग्रजी बोलण्यात ते क्रियापद म्हणूनही तितकेच येते, आणि घरी नातलग जेवायला यावयाचे असतील तर ‘वुई आर हॅविंग द फॅमिली ओव्हर’ एवढे पुरते.

या रचनांचा सराव लग्नाच्या छायाचित्रावरून उत्तम होतो. वधूला मांडवात आणणारा मामा ‘हर अंकल’ म्हणून सांगितला तर ऐकणाऱ्या परदेशी व्यक्तीला तो कोणीही वाटेल. ‘हर मदर्स ब्रदर’ म्हटले, आणि तिला मांडवात आणण्याचा मान परंपरेने त्याचाच असतो असे एक वाक्य जोडले, की तो तेथे का उभा आहे ते कळते. करवलीसाठी मात्र विद्यार्थ्याला दोन वाक्ये लागतील. ती त्याने स्वतः रचावीत.