अर्धपोटी राहिल्याने मंदावणारे चयापचय

वजन उतरवायचे म्हटले की पहिली कुऱ्हाड जेवणावर पडते. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी पोळी, रात्री काकडी. काही दिवस काटा खाली सरकतो, मग अडून बसतो.

दिवसभराच्या ऊर्जेपैकी ६० टक्क्यांच्या आसपास वाटा हृदय, मेंदू, यकृत यांचे काम चालू ठेवण्यातच जातो. अन्न फारच आटले की शरीर याच खर्चाला कात्री लावते. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. स्नायू झिजले, हे या घटीचे एक मोठे कारण.

म्हणून ताटातली वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण वगळणे मला सर्वांत घातक वाटते. प्रथिनांतली २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच खर्च होते, शिवाय स्नायू टिकतात. तासन्‌तास खुर्चीत बसण्याने खर्च आणखी घटतो. फोनवर बोलताना येरझाऱ्या घातल्या तरी फरक पडतो. अपुऱ्या झोपेने भूक मात्र वाढते.

चाळिशीला उगाच दोष देऊ नये. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, शरीराचे आकारमान लक्षात घेता, विशी ते साठीपर्यंत चयापचय जवळपास स्थिर आढळले. खाणेपिणे नीट असूनही वजन वाढत असेल, थकवा जात नसेल, तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यावी.