ऊन तुम्हाला आधी का लागतं?

देवळ्यातल्या दोस्तांनो, मार्च आला की तुमच्याकडे एकच धांदल असते. उन्हाळ कांदा काढायचा, डाळिंबाला पाणी पुरवायचं, आणि त्यात शेजारच्या मालेगावचा पारा चाळिशी ओलांडतो. तुम्ही कुरकुरलात की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ऊन काय तुलाच लागतं का रे?" लागतं सगळ्यांनाच. पण तुम्हा मुलांना जास्त लागतं! एक प्रयोग करूनच बघा.

स्टीलचा एक पेला आणि एक हंडा एकाच टाकीच्या पाण्याने भरा, अंगणात उन्हात ठेवा. तासाभराने बोट बुडवा. पेल्यातलं पाणी आधी तापलेलं असेल. पेल्यात पाणी थोडं, पण त्या मानाने ऊन लागणारी बाजू जास्त. तुमचंही तेच: वजन कमी, पण वजनाच्या मानाने कातडी जास्त. हवा अंगापेक्षा गरम झाली की तिची उष्णता कातडीतून आत शिरते आणि लहान अंग भराभर तापतं. शिवाय मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. तोच कमी असेल तर कसं व्हायचं? श्वासही बघा. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, दोन वर्षांचं बाळ पंचविसेक. म्हणून वजनाच्या मानाने धूळ-धूरही बाळाच्याच छातीत जास्त जातो.

आणि हवामान बदलामुळे ऊन वाढतंच आहे. मग याबद्दल मुलांनीच बोलायला नको का? हरिद्वारची रिधिमा पांडे बोलली. उत्तराखंडात २०१३ साली आलेला महापूर तिच्या मनात घर करून बसला होता. २०१७ मध्ये, अवघ्या नऊ वर्षांची असताना, ती पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. सरकारने हवामान बदलावर पुरेसं काम करावं, एवढीच तिची मागणी. लवादाने अर्ज फेटाळला. २०१९ मध्ये ग्रेटा थुनबर्गसह १६ मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली, त्यांतही रिधिमा होती. समिती म्हणाली, ज्या देशांविरुद्ध तक्रार आहे, आधी तिथल्या कोर्टात जा. पण एक मोठी गोष्टही मान्य केली: एका देशाच्या धुरामुळे दुसऱ्या देशातल्या मुलांचं नुकसान झालं, तर पहिल्या देशाला जाब विचारता येतो. पुढे २०२३ मध्ये समितीने मुलांचे हक्क आणि हवामान बदल यांवर देशांसाठी मार्गदर्शन काढलं. त्यासाठी १२१ देशांतल्या मुलांकडून सोळा हजारांहून जास्त मतं आली होती. मला तर हे फार आवडतं, कारण नियम कसे असावेत हे या वेळी मुलांनाच विचारलं.

आता देवळ्याचं बघू. तुमची कांद्याची चाळ नीट बघितली आहे कधी? तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, बाजूच्या पट्ट्यांमध्ये फटी, वारा आरपार. ढिगात उष्मा कोंडला तर कांदा सडतो, हे तुमच्या आजोबांना पक्कं ठाऊक असतं. मग पत्र्याच्या वर्गात मुलं बसतात, तिथेही वारा आरपार जायला हवा! समोरासमोर खिडक्या हव्यात, छपराजवळ झरोके हवेत, पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा हात हवा. पांढरा रंग ऊन परतवतो, काळपट गंजका पत्रा ते पिऊन घेतो. केरळमधल्या शाळांनी २०१९ पासून पाणी प्यायची वेगळी घंटाच सुरू केली. तीही मागता येईल.

मागायचं कसं? मत द्यायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, पण आपलं म्हणणं मांडायचा हक्क तुम्हाला आजही आहे. १९८९ च्या बालहक्क करारात तो लिहिलेला आहे आणि भारताने १९९२ मध्ये तो करार मान्य केला. मार्चपासून वर्गात तापमापी टांगा. रोज सकाळी आठला आणि अकराला पारा बघून वहीत लिहा, किती जणांचं डोकं दुखलं तेही लिहा. १ मेच्या ग्रामसभेआधी सरपंचांच्या नावाने अर्ज करा, सोबत वहीतले आकडे जोडा. आणि हो, ग्रामपंचायतीतून अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, त्यावर शिक्का आणि तारीख हवी.