लिलिपुट

लिलिपुट हे जोनाथन स्विफ्ट (१६६७–१७४५) यांच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या उपहासात्मक कादंबरीतील एक काल्पनिक बेटराष्ट्र आहे. ही कादंबरी २८ ऑक्टोबर १७२६ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या चार भागांपैकी पहिल्या भागात लिलिपुटचे वर्णन येते. सहा इंचांहून कमी उंचीच्या माणसांचा देश म्हणून लिलिपुट बालसाहित्यातून जगभर परिचित झाले. मूळ ग्रंथात मात्र तेथील राज्यकारभार, पक्षभेद, धर्ममते व कायदे यांचे तपशीलवार चित्रण असून त्याचा रोख तत्कालीन इंग्लंडच्या राजकारणावर आहे.

भूगोल आणि राजसत्ता

कथेनुसार जहाजावरील शल्यवैद्य लेम्युएल गलिव्हर ५ नोव्हेंबर १६९९ रोजी जहाज फुटल्यामुळे लिलिपुटच्या किनाऱ्याला लागतो. येथील माणसे, प्राणी व झाडे नेहमीच्या आकाराच्या सुमारे बाराव्या हिश्शाएवढी आहेत. मिल्डेंडो ही राजधानी चौरसाकृती असून तिच्या तटाची प्रत्येक बाजू ५०० फूट लांब आहे, आणि तीत ५ लाख लोक राहू शकतात. देशावर सम्राटाची अनियंत्रित सत्ता आहे. तो दरबारातील इतरांपेक्षा केवळ नखभर उंच असला, तरी पाहणाऱ्यांवर वचक बसण्यास तेवढे अंतर पुरेसे ठरते.

पदे आणि मानमरातब

मोठे पद रिकामे झाले की पाच-सहा उमेदवार सम्राटासमोर दोरीवर नाचण्याची परवानगी मागतात. न पडता सर्वांत उंच उडी मारणाऱ्यास ते पद मिळते. मंत्र्यांनाही आपले कसब टिकून असल्याचे वेळोवेळी दाखवावे लागते. कोषाध्यक्ष फ्लिमनॅप या कलेत सर्वांत निष्णात मानला जातो. त्याच्या रूपाने रॉबर्ट वॉलपोल यांच्यावर टीका केली आहे, असे अभ्यासक मानतात.

दुसऱ्या एका प्रथेत सम्राट हातात काठी आडवी धरतो आणि ती वरखाली होईल त्याप्रमाणे दरबारी तिच्यावरून उड्या मारतात किंवा तिच्याखालून सरपटतात. विजेत्यांना निळा, तांबडा व हिरवा असे रेशमी धागे मिळतात. हे रंग ब्रिटनमधील गार्टर, बाथ व थिसल या सन्मानांचे सूचक होते. १७२६च्या आवृत्तीत त्यांऐवजी वेगळे रंग छापले गेले. १७३५च्या डब्लिन आवृत्तीत हे रंग आले.

पक्षभेद आणि अंड्याचा वाद

देशात ट्रॅमेक्सन व स्लॅमेक्सन असे दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचे लोक बुटाला उंच टाच लावतात, तर दुसऱ्याचे बुटकी. या दोन्ही पक्षांत रोटीव्यवहार नाही, संभाषणही नाही. सम्राट बुटक्या टाचांनाच पदे देतो. युवराजाची एक टाच दुसरीपेक्षा उंच असल्याने तो लंगडत चालतो. ही रचना टोरी व व्हिग पक्षांवरून बेतलेली आहे. राजा पहिला जॉर्ज व्हिगांच्या बाजूचा होता, तर युवराजाचे दोन्ही पक्षांशी संबंध होते.

याहून भीषण वाद अंड्याचा आहे. पूर्वी अंडे रुंद टोकाकडून फोडत. सम्राटाच्या आजोबांचे बालपणी तसे करताना बोट कापले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी सर्व प्रजेने अंडे निमुळत्या टोकाकडून फोडावे, असा हुकूम काढला. त्यावरून सहा बंडे झाली, एका सम्राटाचा जीव गेला, दुसऱ्याचा मुकुट गेला आणि ११,००० लोकांनी हुकूम मानण्याऐवजी मरण पत्करले. परागंदा झालेल्यांना शेजारच्या ब्लेफस्क्यू साम्राज्याने आश्रय दिला व दोन्ही राष्ट्रांत युद्ध जुंपले. वास्तविक त्यांच्या धर्मग्रंथात अंडे सोयीच्या टोकाकडून फोडावे, एवढेच सांगितले आहे. या वादामागे कॅथलिक-प्रॉटेस्टंट संघर्ष आहे. ब्लेफस्क्यू म्हणजे फ्रान्स, तर ते दोन सम्राट म्हणजे शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स आणि पदच्युत झालेला दुसरा जेम्स, असा अर्थ सामान्यतः लावला जातो.

कायदे आणि रूढी

लिलिपुटचे मूळ कायदे मात्र आदर्शवत् आहेत. फसवणूक हा चोरीहून मोठा गुन्हा आहे, कारण सावधपणे चोरीपासून बचाव करता येतो, पण प्रामाणिक माणसाला लबाडीपासून बचाव नाही. आरोपी निर्दोष ठरल्यास खोटा आरोप करणाऱ्यास देहदंड होतो. ७३ चांद्रमास कायदे पाळल्याचे सिद्ध करणाऱ्यास बक्षीस मिळते. न्यायदेवतेला सहा डोळे असून तिच्या उजव्या हातात सोन्याची उघडी थैली आणि डाव्या हातात म्यानबंद तलवार असते. पदे देताना बुद्धीपेक्षा नीतिमत्ता पाहावी, असाही दंडक आहे. हे वर्णन मूळ व्यवस्थेचे असून पुढे शिरलेल्या भ्रष्टाचाराचे नाही, असा खुलासा गलिव्हर स्वतःच करतो. दोरीवरच्या नाचाची प्रथाही विद्यमान सम्राटाच्या आजोबांनीच सुरू केलेली होती.

मृतांना डोके खाली करून पुरतात. ११,००० चांद्रमासांनी सपाट पृथ्वी उलटी होईल आणि मृत माणसे आपल्या पायांवर उभी राहतील, अशी त्यांची समजूत आहे.

गलिव्हरवरील खटला

गलिव्हर ब्लेफस्क्यूची युद्धनौका-पथके ओढून आणतो आणि 'नार्डॅक' ही सर्वोच्च पदवी मिळवतो. मात्र स्वतंत्र लोकांना गुलाम करण्यास तो नकार देतो, तेव्हा सम्राटाची मर्जी फिरते. राजवाड्याची आग त्याने मूत्रविसर्जन करून विझवलेली असते. तोही कायद्याने देहदंडाचा गुन्हा ठरतो. अखेर दयेखातर त्याचे केवळ डोळे काढावेत, असे ठरते. क्रूर शिक्षेनंतर सम्राटाच्या दयाळूपणाचे जाहीर गुणगान करण्याची तेथे रीत आहे. स्तुती जितकी मोठी, तितकी शिक्षा अमानुष आणि आरोपी निरपराध, हे प्रजेला ठाऊक असल्याने ती या गुणगानानेच सर्वाधिक भयभीत होते. गलिव्हर ब्लेफस्क्यूला पळून जातो.

प्रभाव

'लिलिपुट' या नावावरून इंग्रजीत अतिशय लहान अशा अर्थाचे विशेषण रूढ झाले. १९८० मध्ये संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी, संगणकात एखाद्या संख्येचे बाइट कोणत्या टोकापासून मांडावेत या वादासाठी अंड्याच्या दोन पंथांची नावे वापरली. 'बिग-एंडियन' व 'लिटल-एंडियन' या संज्ञा संगणकशास्त्रात आजही प्रचलित आहेत.